खोटी जवारी

ताई त्या महिन्यात चौथ्यांदा दुकानाची पायरी चढल्या, तेव्हा मी माझ्या तबलजी दोस्ताला, दिग्याला, डोळा मारला. दिग्या बाकावर बसून तबल्याची वादी ओढत होता. त्यानं मान खाली घातली ती वर काढलीच नाही, पण खांदे गदगदायला लागले.

"दस्तगीरभाई, जवारी परत उतरलीय."

"परत?" मी तोंड असं केलं की मयताला आलेल्या माणसानं माझ्याकडून शिकावं. "आणा बघू इकडं."

ताईंनी गवसणीतून तंबोरा काढला. मी तो मांडीवर घेतला, चारी तारा छेडल्या. तंबोरा असा बोलत होता की भिंतीवरच्या सतारी ऐकून झंकारल्या. बिघाड नावाला नव्हता. मी मान हलवली, जिभेनं च्च केलं आणि त्यांच्याकडं पाठ करून बसलो.

आता ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तंबोऱ्याच्या पोटावर शिंगाची एक चपटी घोडी असते, तिच्यावरून चार तारा जातात. त्या घोडीचा माथा कानशीनं असा घासायचा, की तार त्याच्यावर नुसती टेकून थरथरली पाहिजे. मग ती गुणगुणते. त्याला जवारी म्हणायचं. तारेखाली एक सुती दोरा सरकवायचा. तो केसभर इकडं तिकडं झाला की आवाज उघडतो, नाहीतर मिटतो. दोरा नसला तर तंबोरा म्हणजे पत्र्याचा डबा. आमच्या मिरजेत हे काम बापाकडून पोराकडं येतं. कानशीचा एक हात जास्त पडला की घोडी फुकट गेली. म्हणून जवारी काढताना आमच्याकडं कारागीर गिऱ्हाइकाकडं पाठ करून बसतो. कुणी टक लावून बघत असलं की हात हलतो, असं माझे अब्बा म्हणायचे.

आता माझ्यासारख्या माणसाला पाठ करून बसायची परवानगी दिल्यावर काय होणार, तुम्हीच सांगा.

कारण गल्लीत मला कारागीर म्हणून निम्मे लोक ओळखायचे आणि बाकीचे निम्मे जपून राहायचे. नवी सतार पहिले सात सोमवार दूध मागते, असं मी एका पुण्याच्या पाहुण्याला पटवलं होतं. तो बिचारा एका सोमवारी वाटीभर दूध घेऊन इथवर आला. दूध दिग्या प्यायला. 'उद्या पाणी येणार नाही' अशी पाटी मी एकदा न्हाव्याच्या दुकानात लावली आणि सगळ्या गल्लीनं ताटल्यासुद्धा भरून ठेवल्या. नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतोय. तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांचा घोडा होतो, आणि अक्कल यायची चिन्हं नव्हती.

तर मी पाठ केली, खिशातून शिंगाचा एक वाया गेलेला तुकडा काढला आणि त्याच्यावर कानस फिरवली. खर्र. खर्र खर्र. मध्ये थांबून घोडीवर फुंकर मारली. 'या अल्ला' असा हलका उसासा टाकला. मग तंबोरा, जसा होता तसा, ताईंच्या हातात दिला.

त्यांनी डोळे मिटले. तारा छेडल्या. कपाळावरची आठी गेली.

"हां. आता बोलला."

दिग्याला ठसका लागला. तो पाणी प्यायला मागं गेला आणि बराच वेळ आलाच नाही.

पहिल्या वेळी मी खरं सांगितलं होतं बरं का. ताई, काही झालेलं नाही, चांगली जवारी घासायची म्हणजे धडधाकट माणसाचं पोट फाडायचं. ऐकायला तयार नाहीत. "थोडी बघा ना. तुम्हाला ऐकू येत नसेल, मला येतंय." आता डॉक्टर सुमेधा हळबे असं म्हणाल्यावर मी कोण? सांगलीच्या कॉलेजात संगीताच्या विभागप्रमुख, सोन्याची दोन पदकं, रेडिओवर वरच्या श्रेणीच्या कलाकार. साडीला चुणी नाही, बोलण्यात अडखळणं नाही, दहाची वेळ दिली की दहाला पाच कमी असताना स्कूटर दारात. आणि कान? एकदा रस्त्यानं जाता जाता स्कूटर न थांबवता ओरडल्या होत्या, "दस्तगीरभाई, त्या मागच्या तंबोऱ्याचा पंचम उतरलाय!" मी बघितलं तर खरंच उतरला होता. असल्या बाईला चार वेळा चकवायचं म्हणजे माझ्या धंद्यातलं शिखर होतं. चकवायच्या धंद्यातलं.

"रविवारी केदारबुवांची पुण्यतिथी," ताई गवसणीची नाडी बांधता बांधता म्हणाल्या. "शेवटची बैठक माझी आहे."

"माहीत आहे की. सगळ्या गावाला माहीत आहे."

केदारबुवा त्यांचे गुरुजी. त्यांच्या पुण्यतिथीला होणाऱ्या गाण्याच्या सभेतली शेवटची बैठक आजवर बाहेरच्या मोठ्या गवयांनाच मिळायची. बुवांची स्वतःची शिष्या त्या जागेवर बसणार, हे पहिल्यांदाच होत होतं.

"तंबोरा असाच उतरत राहिला तर मी बसणार नाही. सभेच्या नानांना सांगून ठेवलंय मी. पुण्याच्या एक बाई आहेत, त्या तयार आहेत."

"काय बोलताय ताई! तंबोऱ्यासाठी बैठक सोडायची?"

"बुवांच्या जागेवर बसून बेसूर गायचं का मग?" त्या हसल्या. फार छान हसायच्या. "एकदा ती जागा सोडली की परत मागणार नाही मी. म्हणून म्हणते, नीट बघा."

त्या गेल्या. दिग्या तोंड पुसत बाहेर आला.

"दस्त्या, नरकात जाशील."

"तू तबला घेऊन ये तिकडं. साथीला कुणीतरी पाहिजे."

"पण मला एक कळत नाही. बाईला खरंच फरक पडल्यासारखा वाटतो?"

"मोठ्या लोकांचं तसंच असतं. मन भरलं पाहिजे."

"एवढा कान असून?"

हा प्रश्न त्यानं असाच विचारला, पण माझ्या डोक्यात किडा सोडून गेला. गुरुवारी ताईंचा फोन आला, परत येतेय म्हणून. मी दिग्याला बोलावून घेतलं. म्हणलं, आज शेवटची गंमत. आज तंबोऱ्याचे दोरे काढूनच हातात देतो. चारीच्या चारी. पहिल्या छेडीला ताई किंचाळतील, अहो हे काय केलंत! मग मी खिशातून दोरे काढणार, अगं बाई विसरलोच म्हणणार, हसणार, आणि तेवढ्यात हळूच सांगून टाकणार की जवारी पहिल्यापासून चांगलीच आहे. गोड बोलून विषय मिटवायचा.

"कान धरतील तुझा," दिग्या म्हणाला. "अर्धा किलो भडंग लावतो, तार छेडायच्या आधीच ओळखतील."

"छेडल्यावर ओळखतील. लाव."

ताई आल्या. मी पाठ केली, खर्र खर्र केलं, आणि चारी तारा उचलून एकेक दोरा काढून खिशात टाकला. तंबोरा दिला. दिग्यानं श्वास धरला. मी तोंडात हसू धरलं.

ताईंनी डोळे मिटले. तारा छेडल्या.

टण्. टण्. टण्. ठक.

आमच्या दारात लाकडं उतरवणारा हमाल होता, त्यानंसुद्धा मान वळवून बघितलं. ज्याला सा माहीत नाही त्यालाही कळावं असा मेलेला आवाज.

ताईंच्या कपाळावरची आठी गेली.

"हां," त्या म्हणाल्या. "आता बोलला."

दिग्याच्या तोंडून अर्धं हसू बाहेर आलं आणि तिथंच थांबलं. तीस वर्षं लोकांना चकवतोय, पण चकवल्यावर हसावंसं वाटलं नाही असं पहिल्यांदाच झालं.

"थांबा ताई," मी म्हणलं. "एक खुंटी बघायची राहिली." तंबोरा परत घेतला आणि त्यांच्या समोर, पाठ न करता, चारी दोरे एकेक करून घातले. त्या रस्त्याकडं बघत होत्या. ओठ हलत होते. माझ्या हातात काय चाललंय ते दोन हातांवरून त्यांना दिसलं नाही.

त्या गेल्यावर दिग्या भडंगाचं नावही न काढता घरी गेला.

मी जेवायला वर गेलो. आमची शमशाद तंबोऱ्या-सतारींच्या भोपळ्यांना पॉलिश करायचं काम करते, तिचा हात माझ्यापेक्षा सफाईदार. मी तिला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती, तशीच थापत राहिली.

"आज कळलं होय तुला?"

"म्हणजे? तुला माहीत होतं?"

"त्या ताईंच्या तंबोऱ्याचं पॉलिश मी या महिन्यात दोनदा केलंय. एकाच जागी उतरतं. जिथं हात टेकतात ना, तिथं. पंजाएवढा पांढरा डाग." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "लाखेचं पॉलिश आहे ते. उगाच उतरत नाही. किती घाम लागत असंल विचार कर."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तू हसत होतास."

मी म्हणलं, "पण एवढी मोठी बाई. तिला कसली भीती?"

"मोठी आहे म्हणूनच कुणी विचारत नसंल," शमशाद म्हणाली. "तंबोरा आजारी आहे असं म्हणलं की लाज नाही वाटत. कुणीतरी हातात घेऊन बघतं तरी."

शुक्रवार, शनिवार माझे कसे गेले मलाच माहीत. सांगून टाकावं तर धंदा बसला. मिरजेतला कारागीर पाठ करून खोटी कानस मारतो, हे एकदा गावात झालं की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलंच म्हणून समजा. आणि सांगितलं, त्यात ताई अजूनच खचल्या तर? न सांगावं तर रविवारी त्या नक्की उठून जाणार. मला ते आता स्वच्छ दिसत होतं. जवारी रविवारीही उतरणारच होती.

सभेच्या दिवशी तंबोरे जुळवायला मी दर वर्षी पहाटे हजर असतो. तसा गेलो. ताईंच्या आधीचा कलाकार गात होता. रंगमंचाच्या मागच्या खोलीत ताई रेशमी साडीत बसल्या होत्या. पोरीबाळी पाया पडून जात होत्या, ताई प्रत्येकीला नावानं विचारत होत्या, परीक्षा कधी, आईचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, या बाईच्या काळजात काळजी नावाची चीजच नाही.

शेवटची पोरगी बाहेर गेली. ताईंनी तंबोरा मांडीवर ओढला, एकदा छेडला.

"दस्तगीरभाई."

"बोला ताई."

"जवारी गेली."

तंबोरा मीच अर्ध्या तासापूर्वी जुळवला होता. नुसता पाझरत होता.

"नानांना बोलवा," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. "घसा बसलाय म्हणून सांगते. पुण्याच्या बाई खाली बसल्यात."

मी दार लावून घेतलं. त्यांच्या समोर मांडी घातली. पाठ नाही, तोंड करून. खिशातून शिंगाचा तो तुकडा काढला, कानस काढली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत घासायला लागलो. खर्र. खर्र खर्र. तंबोरा त्यांच्याच मांडीवर होता.

"हे काय करताय?"

"तुमची जवारी काढतोय. चार वेळा अशीच काढली."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग चेहरा लाल झाला. "म्हणजे तुम्ही हात लावला नाहीत? एकदाही?"

"एकदाही नाही."

"मला फसवलंत? माझ्या तोंडावर? आणि तो दिगंबर खोकत होता तो..." त्या उठल्याच. "लाज नाही वाटत? वय काय तुमचं?"

"त्रेचाळीस. शिव्या द्या ताई, पण आधी पुढचं ऐका. गुरुवारचं याहून वाईट आहे."

"याहून वाईट काय असणार?"

"गुरुवारी तंबोऱ्यात दोरे नव्हते."

"अशक्य." त्या हसल्याच, रागात. "दोरा नसलेला तंबोरा मला कळणार नाही? लहान पोरीला कळेल."

मी तंबोरा घेतला, चारी दोरे काढले आणि छेडला. टण्. टण्. टण्. ठक.

"हा आवाज होता. तुम्ही म्हणालात, आता बोलला. दिग्या साक्षीला आहे, आणि दारात एक हमाल होता तोसुद्धा."

त्या खाली बसल्या. खोलीत नुसता बाहेरच्या गाण्याचा आवाज येत होता. मला वाटलं, संपलं. दस्तगीर, गंमत करता करता तू आज एका गवईणीचा गळा कापलास.

मग त्या म्हणाल्या, "मला ऐकूच येत नाही. बैठक जवळ आली की कानात नुसता रक्ताचा आवाज. धड धड धड. तंबोऱ्याला कान लावते, तरी तोच."

"कधीपासून?"

"पहिलं पदक मिळालं तेव्हापासून." त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. "लोक टाळ्या वाजवतात ना, मला वाटतं, आज सुटले. आज कुणाच्या लक्षात आलं नाही. पण पुढच्या वेळी पकडतील. वीस वर्षं असंच. जेवढं मोठं बोलावणं, तेवढं मोठं पकडणं. बुवांच्या जागेवर तर नक्कीच."

"काय पकडतील?"

"की मला काही येत नाही. की मी खोटी आहे."

आता तुम्हाला सांगतो, मला मोठी माणसं समजावून सांगतात तसलं बोलता येत नाही. पण खोट्याचं नाव निघालं आणि माझ्या अंगात वारं शिरलं. कारण तो माझा प्रांत.

"ताई, खोटं म्हणजे काय ते तुम्ही मला शिकवणार? तीस वर्षं मी लोकांना टोप्या घालतोय. सतारीला दूध पाजलंय मी! खोटा माणूस मला गल्लीच्या टोकाहून कळतो. तो किती निवांत असतो बघितलंय कधी? मला कधी घाम येतो का? मी तुम्हाला चार वेळा फसवलं, माझ्या हाताला कंप नव्हता. रात्री घोरत झोपलो. खोट्या माणसाला पकडला जायची भीती नसते, ती तुमच्यासारख्या खऱ्याला असते. पकडायचं असेल तर मला पकडा. सगळ्या गावात ओरडून सांगा. पण खोट्यांच्या रांगेत तुम्ही उभ्या राहू नका, तिथं जागा नाही, मी पाय पसरून बसलोय."

ताईंनी माझ्याकडं बघितलं. ओठाचा एक कोपरा हलला. रडू होतं की हसू, मला आजही सांगता येणार नाही.

दारावर थाप पडली. सभेचे चिटणीस नाना. "सुमेधाताई, पाच मिनिटं! काय ठरतंय? पुण्याच्या बाईंना सांगू का?"

माझं काम संपलं होतं.

"नाना," ताई म्हणाल्या. "त्यांना चहा द्या. मी येतेय."

नानांची पावलं लांब गेली. ताईंनी हाताचे तळवे साडीला पुसले. "दोरे घाला."

मी घातले.

"आणि मागं तंबोऱ्यावर तुम्ही बसायचं."

"मी? अहो, शर्ट बघा माझा! लाखेचे डाग आहेत. मला व्यासपीठावर कुणी..."

"नानांचं जाकीट मागून घ्या. शिक्षा आहे ही. दोन तास. पाय आखडून. नाक खाजवायचं नाही."

नानांचं जाकीट मला दोन माप लहान होतं. एक बटण मी तिथंच तोडलं. तसाच ताईंच्या मागं जाऊन बसलो. सहाशे माणसं समोर. दिग्या तबल्यावर होता, त्यानं मला बघितलं आणि हातोडी त्याच्या हातून गळून पडली.

भीती गेली होती का? कुठली जातेय! मी मागं होतो ना, मला दिसत होतं. ताईंच्या ब्लाऊजची पाठ पहिल्या पाच मिनिटांत ओली झाली. तोडीचा पहिला षड्ज लावला, तो लागला, पण काठावर. दुसरा लावायच्या आधी त्या थांबल्या. जरा जास्तच थांबल्या. पुढच्या रांगेतले म्हातारे एकमेकांकडं बघायला लागले. ताईंनी हळूच मान वळवून मागं बघितलं, तंबोऱ्याकडं. तोच डोळा, जवारी उतरलीय म्हणणारा.

मला दुसरं काय येतं? मी मयताला आलेल्या माणसाचं तोंड केलं, जिभेनं च्च केलं आणि डाव्या हातानं हवेत कानस मारली. खर्र, खर्र.

ताई फिसकन् हसल्या. व्यासपीठावर, मायकासमोर, केदारबुवांच्या पुण्यतिथीला. नाना खांबाला टेकले. आणि त्या हसण्याचा श्वास संपायच्या आत तो दुसरा षड्ज आला. काय सांगू तुम्हाला. माझ्या हातातला तंबोरा आणि तो आवाज यांच्यात पोस्टकार्ड सरकवायला जागा नव्हती. त्या ऐकत होत्या! मी तार छेडली की त्यांची मान तेवढीच हलायची. पंचमाची तार केसभर खाली गेली, गर्दीत कुणाला कळलं नाही, पण त्यांनी गाता गाता बोट वर केलं. मी तारेतला मणी सरकवून ती सुरात आणली. मला इतका आनंद झाला की बस्स.

दोन तास. माझे पाय गेले, नाक खाजून खाजून मेलं, पण बाई थांबेना. दिग्या घामानं निथळत होता. समेवर आल्या की पुढचे म्हातारे गुडघ्यावर थापा मारत होते. तोडी संपली तेव्हा लोक उभे राहिले. पुण्याच्या बाई पहिल्या उठल्या, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

मग भैरवीच्या आधी ताईंनी माईक जवळ ओढला.

"एक सांगायचं राहिलं," त्या म्हणाल्या. "आज मी गाणार नव्हते. घसा बसलाय असं खोटं सांगणार होते."

पुढच्या रांगेतले म्हातारे पुढं सरकले.

"या महिन्यात मी हा तंबोरा पाच वेळा जवारीला नेला. मागं जाकिटात मावत नाहीत ते दस्तगीरभाई, त्यांनी पाचही वेळा मला फसवलं. घोडीला हात लावला नाही. दुसरंच शिंग घासत बसले."

सगळी सभा हसली. सहाशे डोकी माझ्याकडं वळली. मी नमस्कार केला. करणार काय! धंदा गेला असं मनात म्हणलं.

"शेवटच्या वेळी तर दोरे काढून दिले." ताई थांबल्या. आता हसत नव्हत्या. "आणि मला ऐकू आलं नाही. मी म्हणाले, आता बोलला. मला इतकी भीती वाटत होती. वीस वर्षं वाटतेय. आत्ताही वाटतेय, पण आता तुम्हाला माहीत आहे, म्हणून जरा बरं वाटतंय. भैरवी गाते."

डाव्या बाजूनं, बायकांच्या रांगांतून, एक टाळी सुरू झाली. एकटीच. कोण वाजवतंय ते मला दिसलं नाही. ती थांबेना. मग दुसरी, तिसरी. भैरवी सुरू व्हायला पाच मिनिटं लागली.

सोमवारी मी दुकान उघडलं ते भीत भीतच. अकरापर्यंत तीन गिऱ्हाइकं आली. तिघंही म्हणाले, जवारी काढून द्या, पण पाठ करायची नाही. समोर बसून. दिग्या बाकावर बसून भडंग खात होता आणि मजा बघत होता. त्याच दिवसापासून माझ्या दुकानात कानस गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर चालते. शंभर वर्षांचा रिवाज ताईंनी एका माईकात मोडला. आणि हात काही हलत नाही हो. अब्बांचं तेवढं चुकलंच होतं.

बाराच्या सुमाराला दारात गाडी थांबली. उतरल्या त्या डॉक्टर मोहितेबाई. आमच्या शमशादचं पित्ताशयाचं ऑपरेशन त्यांनीच केलेलं. गावात म्हण आहे, मोहितेबाईंचा टाका यमाला उसवत नाही. मी लगबगीनं उठलो, पाट झटकला.

"या, या. तंबोरा कुठाय? गाडीत? हा आणेल की दिगंबर."

"तंबोरा नाही माझ्याकडं," त्या म्हणाल्या. "मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. काल मिस्टरांनी ओढून नेलं होतं."

"मग?"

त्यांनी भिंतीवरच्या सतारी बघितल्या, भोपळे बघितले, दिग्याकडं बघितलं. दिग्या भडंगाचा पुडा घेऊन आपणहून मागं गेला. पहिल्यांदाच आयुष्यात त्याला वेळेवर कळलं.

"काल पहिली टाळी मी वाजवली," बाई म्हणाल्या.

"असं होय."

"मी ऑपरेशन करून घरी निघते. निम्म्या वाटेत गाडी वळवते. परत जाऊन पेशंटला बघते. पेशंट बरा असतो. दर वेळी बराच असतो. तरी वळवते. कधीकधी दोनदा." त्यांनी पदर सारखा केला. "अकरा वर्षं झाली. नर्सेसना वाटतं, बाई किती काळजीवाहू."

"घरी माहीत आहे?"

"कुणालाच नाही. आता तुम्हाला." मग जरा हसल्या. "ताईंशी बोलता येईल का मला? तुमच्याकडं त्यांचा नंबर असेल ना?"

मी कागदाचा चिठोरा घेतला, पेन्सिलीनं नंबर लिहिला, नीट, एकेक आकडा सुटा. बाईंनी तो पर्समध्ये ठेवला, मग परत काढून बघितला, मग ठेवला. गाडी गेली.

दिग्या बाहेर आला. माझ्या तोंडाकडं टक लावून बघत बसला.

"दस्त्या, खरं सांग. नंबर कुणाचा दिलास?"

"ताईंचा."

"शपथ?"

"शपथ."

"शमशादवहिनीची?"

"शमशादची."

नऊ वर्षं झाली. त्या दोघी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ताईंच्या घरी चहाला बसतात, आता त्यांच्यात आणखी सातजणी आहेत, एक तर फौजदारबाई आहे. दिग्याचा अजून विश्वास बसलेला नाही.